बिघडलो तर बघतलो कोण?

ऑफिसात कुणी 'नवा पीसी घ्यायचाय' म्हणायचा अवकाश, कँटीनमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, 'लॅमिंग्टन रोडला जा, पार्ट्स घे, असेंबल कर!' दुसरी म्हणते, 'कशाला डोक्याला ताप? ब्रँडेड घे, ईएमआय लाव, विषय संपव!' त्यातून तो पीसी फ्लाइट सिम्युलेटरसाठी हवा असेल तर बघायलाच नको. चहा गार होतो, वाद चालूच.

माझ्यापुरता हा वाद धामापूरला मिटला. हो, धामापूरच. मालवण तालुक्यातलं, तळ्याचं. चुलतभाऊ तिथे राहतो. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून गावी गेला तो परत आलाच नाही. आर्किटेक्ट लोकांना बंगल्यांची, हॉटेलांची थ्रीडी चित्रं रेंडर करून देतो आणि रात्री जेवणं झाली की विमान उडवतो. स्क्रीनवर, अर्थात! २०२५च्या उन्हाळ्यात त्याला नवं मशीन घ्यायचं होतं. बजेट दीड लाख, मॉनिटर सोडून. कामही त्यावरच आणि खेळही त्यावरच. म्हणजे मशीन बसलं की कमाईही बसली.

आता फ्लाइट सिम्युलेटर हा प्रकार मुळातच खादाड. १९८२ साली ब्रूस आर्टविकने लिहिलेला फ्लाइट सिम्युलेटर मायक्रोसॉफ्टने बाजारात आणला. आयबीएमची नक्कल केलेला पीसी खरोखर 'कम्पॅटिबल' आहे का, हे बघायला तेव्हा लोक त्यावर लोटस १-२-३ आणि हा गेम चालवून बघायचे. पुढे २००६ मध्ये एफएसएक्स आला आणि त्याने भल्याभल्या पीसींना गुडघ्यावर आणलं. बिचाऱ्याचा भर होता एकाच वेगवान कोअरवर आणि बाजार नेमका त्याच सुमारास दोन-चार कोअरच्या प्रोसेसरकडे वळला. लोकांनी नवे महागडे प्रोसेसर घेतले, तरी विमान अडखळतंच!

आजही मूळ फंडा तोच आहे. विमानाचं उडणं, कॉकपिटमधली उपकरणं, हवामान, आजूबाजूची विमानं या सगळ्याचा बराचसा हिशेब प्रोसेसरमध्ये एका मुख्य धाग्यावर, एकामागोमाग एक होतो. तो उरकेपर्यंत ग्राफिक्स कार्ड नुसतं हात चोळत बसतं. समुद्रावर झकास चाललेलं विमान मुंबईत उतरताना रखडतं ते बहुतेक वेळा यामुळेच. म्हणून सिमवाल्यांना कोअर किती यापेक्षा एकेक कोअर किती चपळ आणि त्याच्या शेजारी कॅश किती, हे जास्त महत्त्वाचं. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीचा ५८००एक्स३डी आला, तब्बल ९६ एमबीची एल३ कॅश घेऊन, आणि सिमवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. दुसरी गंमत म्हणजे मारधाडीच्या गेमवाल्यांना सेकंदाला १४४ फ्रेम हव्या असतात. इथे ३०-४० मिळाल्या तरी चालतं. फक्त त्या सलग मिळायला हव्यात. मात्र तीन मॉनिटर किंवा व्हीआर लावलात, तर ओझं पुन्हा ग्राफिक्स कार्डवर जातं.

आणि खुराक? मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ साठी १६ जीबी रॅम ही किमान अट, ३२ जीबी शिफारस आणि ६४ जीबी 'आयडियल'. इंटरनेट किमान १० एमबीपीएस, शिफारस ५० ची. २०२० च्या आवृत्तीला १५० जीबी जागा लागायची; युरोपात ती दहा डीव्हीडींच्या खोक्यातही विकली गेली. २०२४ ला ५० जीबी पुरतात, कारण जमीन, डोंगर, गावं बरीचशी उडता उडता नेटवरून येतात. १९ नोव्हेंबर २०२४ ला, लाँचच्या दिवशी, अख्खं जग एकदम उडायला निघालं आणि सर्व्हरच आडवे झाले! भावाकडे फायबर आहे, पण पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही. म्हणून तो एक्स-प्लेन १२ सुद्धा ठेवतो. त्याचा मुलूख डिस्कवरच असतो, नेट गेलं तरी विमान हवेतच!

एवढं सगळं डोक्यात ठेवून भावाने आधी रेडिमेड 'गेमिंग पीसी'चं कोटेशन मागवलं. ग्राफिक्स कार्ड दणदणीत. काचेचा कॅबिनेट, आत रंगीत दिव्यांची दिवाळी. पण रॅमची १६ जीबीची एकच पट्टी. एकच पट्टी म्हणजे सिंगल चॅनल, म्हणजे प्रोसेसरला माहिती पोचवणारा रस्ताच अर्धा. पॉवर सप्लाय कुठल्या कंपनीचा, ते कोटेशनमध्ये नाहीच. सगळेच रेडिमेड असे नसतात. पण जे जाहिरातीत दिसतं त्यावर खर्च आणि जे दिसत नाही त्यात काटकसर, हा प्रकार बराच चालतो. शिवाय काही बड्या ब्रँडच्या मशीनमध्ये मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय त्यांच्याच मापाचा असतो. उद्या तो गेला तर बाजारातला दुसरा बसत नाही.

मग त्याने स्वतः यादी केली. प्रोसेसर ७८००एक्स३डी. त्याचं रेंडरिंग ग्राफिक्स कार्डवर चालतं, त्यामुळे आठ कोअर पुरे. रॅम ३२ जीबी, १६-१६ च्या दोन पट्ट्या. कार्ड मधल्या रेंजचं, पण १६ जीबी मेमरीवालं. ७५० वॉटचा गोल्ड रेटिंगचा पॉवर सप्लाय. दिवे शून्य!

यादी तयार झाली आणि काकांनी ती हातात घेतली. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली. मग मला म्हणाले, "दुकानात तयार गावता, मगे सुटे भाग कित्याक घेवचे? आणि उद्या बिघडलो तर बघतलो कोण?"

मी म्हटलं, "काका, तयार घेतला तर कंपनीचा माणूस येईल की."

"हय? धामापुरात? कधी?"

मंडळी, या 'कधी'वर गुगलकडेही उत्तर नव्हतं! शेवटी भावाने विक्रेत्यालाच फोन लावला आणि घरचा पिनकोड सांगितला. ऑनसाइट वॉरंटी कागदावर होती. पण या पिनकोडला माणूस किती दिवसांत येणार, हे नक्की सांगता येणार नाही, असं उत्तर आलं. कदाचित अख्खं खोकं सर्व्हिस सेंटरला पाठवावं लागेल. खोकं गेलं की रेंडरिंगही गेलं, म्हणजे तेवढे दिवस कमाई नाही. काकांचा प्रश्न वाटला होता साधा, पण खरा मुद्दा तोच होता.

आपण मुंबई-पुण्यातले लोक हा वाद किमतीवरून घालतो. किंमत काय, वरखाली होतच असते. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ पडला होता, तेव्हा सुटं कार्ड घेण्यापेक्षा कार्डासकट अख्खा रेडिमेड पीसी स्वस्त पडायचा. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि सुट्या रॅमचे भाव भडकले. अशा वेळी आधीच्या भावात बनून पडलेला रेडिमेड बघण्यात शहाणपण असतं. म्हणजे 'असेंबल्ड स्वस्त' हा काही कायमचा नियम नाही. घेता त्या आठवड्यात दोन्हीकडची कोटेशनं मागवा, झालं.

वॉरंटीचा हिशेब मात्र फारसा बदलत नाही. रेडिमेडला बहुधा एक वर्ष, पण सगळ्या मशीनची एकत्र आणि जबाबदार एकच. सुट्या भागांना प्रत्येकाची वेगळी. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड यांना साधारण तीन वर्षं, चांगल्या पॉवर सप्लायला पाच ते दहा. पण त्यातला नेमका कुठला भाग गेला, हे शोधायचं काम तुमचं!

भावाने मुंबईला येऊन पार्ट्स घेतले. दुकानवाला तिथेच जोडून द्यायला तयार होता. याने नको म्हटलं. कोकणकन्याने कुडाळ, तिथून घर. पडवीत चादर अंथरून दोन दिवस बसून त्याने स्वतः जोडलं. जड ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डवर लटकवून प्रवास करण्यापेक्षा ते वेगळं नेलेलं केव्हाही बरं. कोकणातल्या हवेचाही विचार केला. कॅबिनेटला बारीक जाळी, कारण पाल आणि मुंग्यांना ऊबदार जागा भारी आवडते. पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ तरी चालू ठेवायचं, म्हणजे आत दमट राहत नाही. उरलेल्या पैशांतून यूपीएस. त्यात एक मेख आहे: १००० व्हीए लिहिलेला यूपीएस बऱ्याचदा ६०० वॉटच देतो. तेव्हा व्हीए नव्हे, वॉट बघा. आणि गडगडायला लागलं की यूपीएस असो वा नसो, प्लग काढायचा.

श्रावणात व्हायचं ते झालंच. मशीन अधूनमधून आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं. भावाने मेमटेस्ट लावला, एकेक पट्टी काढून बघितली. सोळातली एक पट्टी खराब. तेवढी कुरियरने पाठवली आणि उरलेल्या एकीवर काम चालू ठेवलं. रेंडर सावकाश झाले, विमान थोडं रखडलं, पण एकही क्लायंट हातचा गेला नाही. तीन आठवड्यांनी नवी पट्टी आली. हे जमलं कारण मशीन त्याने स्वतः जोडलं होतं. कुठला स्क्रू कुठे आणि कुठली वायर कशाची, हे त्याला पाठ होतं. तेच मशीन लॅमिंग्टन रोडवर जोडून घेतलं असतं, तर धामापुरात त्यालाही झाकण उघडायची भीती वाटली असती.

तेव्हा दोस्तहो, माझं मत सरळ आहे. असेंबल्ड की रेडिमेड, हे दुकान ठरवत नाही आणि बजेटही नाही. ज्या घरात मशीन राहणार, तिथे ते उघडणारं कुणी आहे का, यावर ते ठरतं. असेल, तर स्वतः बांधा. गाव जितकं लांब, तितकं जास्त. नसेल, आणि तुम्ही सकाळी आठला निघून रात्री नऊला घरी पोचणारे असाल, तर बिनधास्त रेडिमेड घ्या. त्यात कमीपणा काही नाही. फक्त रॅमच्या पट्ट्या किती, पॉवर सप्लाय कुठला आणि माझ्या पिनकोडला माणूस किती दिवसांत येणार, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं लेखी घ्या. आणि जॉयस्टिकसाठी दहा टक्के बाजूला ठेवा, नाहीतर दीड लाखाचं विमान कीबोर्डच्या बटणांवर उडवत बसाल!

भाऊ सध्या एटीआर ७२-६०० शिकतोय. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपी विमानतळ सुरू झाला, तेव्हा मुंबईहून पहिलं विमान याच जातीचं आलं. चिपी त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, कर्लीच्या पलीकडे. अडीच हजार मीटरची धावपट्टी. स्क्रीनवर ती डावीकडे दिसते आणि उजवीकडे झाडीत १५३० सालचं धामापूरचं तळं. घरं कॉम्प्युटरने अंदाजाने उभी केलेली, पण गाव ओळखू येतं. काका हल्ली मागे खुर्ची टाकून बसतात. परवा विमान जरा जोरात आपटलं, तर म्हणाले, "आता ह्याका वॉरंटी आसा?"