सालाबादप्रमाणे

डेबियन, उबुंटू आणि त्यांच्या गोतावळ्यातल्या संगणकांवर सॉफ्टवेअरची पॅकेजे बसवणारा, काढणारा आणि अद्ययावत ठेवणारा एपीटी हा प्रोग्रॅम मराठी बोलतो, ही गोष्ट तो रोज वापरणाऱ्या मराठी माणसांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. सी-डॅक मुंबईच्या जनभारती प्रकल्पातल्या मंडळींनी त्याचे संदेश मराठीत आणले. यंत्राची भाषा मराठी निवडली की त्याची तक्रार, त्याचा इशारा आणि पुढे जायचे का हा प्रश्नही मराठीत उमटतो. मात्र त्या प्रश्नाला होकार देण्याआधी जे वाचायला हवे, म्हणजे कोणत्या आज्ञेला कोणता पर्याय जोडता येतो, न जोडल्यास यंत्र काय धरून चालते आणि कोणती सेटिंग कोणत्या फाइलीत लिहायची, ते सांगणारे मॅन्युअल जर्मन, फ्रेंच, जपानी, पोर्तुगीज अशा भाषांत उपलब्ध आहे, मराठीत नाही. ही उणीव भाषाभिमानाच्या नेहमीच्या खात्यावर मांडून मोकळे होता येईल. पण मिरजेच्या वेशीत उभे राहून तीनशे वर्षे मागे पाहिले, तर तिची मुळे भाषेच्या खाली, कारभाराच्या एका जुन्या सवयीत गेलेली दिसतात. अपवाद तेवढा कागदावर उतरवायचा आणि जे नित्याचे आहे ते सर्वांना ठाऊकच आहे असे समजून सोडून द्यायचे, ही ती सवय. काळ पालटला की विचारणा नेमकी त्या नित्याचीच होते.

लिहिण्याची हौस आपल्याकडे कमी होती असे नाही. पत्राचा मायना कसा असावा, कोणाला कोणत्या शब्दांनी संबोधावे याची मेस्तके हेमाडपंताच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या नकलली गेली. शिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. परंतु मेस्तक नमुना देते आणि कोश नाव देतो. गोष्ट चालते कशी, आणि ती तशीच का चालावी, हे दोहोंपैकी कशातही नसते. ते सांगण्याचा खरा प्रयत्न अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, मिरजेपासून फार दूर नसलेल्या करवीरच्या गादीसाठी, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात झाला. आरमारासाठी लाकूड लागते, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असे सांगताना अमात्य थांबत नाहीत. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात, तिच्यावर जुलूम करून झालेले काम टिकत नाही, हेही ते लिहितात. नियमाशेजारी कारण असल्यामुळे परिस्थिती बदलल्यावर तो नियम कुठवर ताणावा आणि कुठे सोडावा, हे पुढच्या माणसाला ठरवता येते. दुर्दैवाने आज्ञापत्रासारखे दस्तऐवज आपल्या परंपरेत बोटावर मोजण्याइतके आहेत. आणि त्याचे कौतुक आपण वाङ्मय म्हणून जेवढे केले, तेवढे अनुकरण कारभाराचा नमुना म्हणून केले नाही.

मिरजेचे ठाणे शाहू महाराजांनी १७३९ साली घेतले आणि १७६१च्या सुमारास ते गोविंद हरी पटवर्धनांकडे आले. पुढच्या अर्धशतकात या घराण्याच्या पथकांनी कृष्णेपासून तुंगभद्रेच्या पलीकडेपर्यंत जी घोडदौड केली, तिचा पत्रव्यवहार इतका अफाट होता की वासुदेवशास्त्री खरे या मिरजेच्या हायस्कुलातल्या संस्कृत शिक्षकाने १८९७पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने तो छापायला घेतला आणि १९२४मध्ये आयुष्य संपेपर्यंत ते काम काही संपले नाही. या संग्रहाची बांधणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. शास्त्रीबुवा नुसती पत्रे छापत नाहीत. पत्रांच्या आधी आपले प्रदीर्घ निवेदन घालतात, कारण ते नसते तर पत्रे उघडून समोर ठेवूनही वाचकाला फारसे उमगले नसते. छावणीतून घरी लिहिणारा सरदार आज कोणता मुक्काम झाला, कोणाचे देणे तटले, कोण रुसला हे तपशिलाने कळवतो. पथक नेहमी कसे चालते, खर्चाचा मेळ कोणत्या रीतीने बसतो, हे कळवण्याची त्याला गरजच नसते, कारण वाचणाऱ्याचा जन्म त्यातच गेलेला असतो. सरकारी सनदा आणि ताकिदींत तर यासाठी तयार शब्दच होते: 'सालाबादप्रमाणे', 'शिरस्तेप्रमाणे'. या एका शब्दामागे लिहिणारा आख्खी व्यवस्था उभी करी, आणि वाचणाराही ती मुकाट्याने समजून घेई. आजचा संगणक अभियंता ज्याला डीफॉल्ट म्हणतो तो हाच. काही सांगितले नसेल तर जे घडते ते.

याच मिरजेत १८०५ साली, गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने, तांब्याचे पत्रे कोरून भगवद्‌गीता छापली गेली. नाना फडणविसांच्या वेळी पुण्यात सुरू झालेला छपाईचा खटाटोप नानांच्या मृत्यूनंतर येथे फळाला आला. छपाईचा पहिला मान गीतेला मिळाला हे साहजिकच होते. जमाबंदीची किंवा फडाची रीत छापून ठेवावी हे मात्र कुणाच्या मनात आले नसावे. जे रोज डोळ्यांसमोर चालले आहे ते छापायचे कशाला?

त्याचे उत्तर पन्नास वर्षांच्या आत मिळाले. इंग्रजी अंमलात १८५२च्या ११व्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि दख्खन व दक्षिण महाराष्ट्रातल्या इनामदारांना विचारले गेले की ही जमीन तुमच्याकडे कोणत्या कागदाने आली. ज्यांच्या हाती स्वतंत्र सनद होती ते बोलू शकले. ज्यांचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या 'सालाबादप्रमाणे' चालत आला होता, त्यांच्यापाशी दाखवायला वहिवाटीखेरीज काही नव्हते, आणि जी वहिवाट कालपर्यंत कागदाहून भक्कम होती ती नव्या कचेरीत निराधार ठरली. हजारो इनामे गेली. १८५७-५८च्या सुमारास या भागात जो असंतोष खदखदत होता त्याच्या कारणांत इतिहासकार या चौकशीला आवर्जून स्थान देतात. कमिशनच्या हेतूंबद्दल बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते बोलून झालेही आहे. आपल्या बाजूची गफलत मात्र सहसा बोलली जात नाही. गृहीत बदलण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती गेला, त्या दिवशी आपले गृहीत काय होते हे सिद्ध करणारा कागद आपल्याकडे नव्हता.

मिरजेची दुसरी कीर्ती संगीताची, आणि तिथेही हाच पेच आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे मिरजेत शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढतात, स्वरलिपी बांधतात, पाठ्यपुस्तके छापतात. गुरूच्या मर्जीवर आणि शिष्याच्या स्मरणावर अवलंबून असलेली विद्या ते कागदावर आणतात. त्यांच्या स्वरलिपीत काय राहून जाते यावर घराणेदार गवयांनी नाके मुरडली ती सर्वस्वी अकारण नव्हती. पण नाक मुरडणाऱ्यांपैकी कितीकांच्या चिजा त्यांच्याबरोबरच गेल्या! त्याच गावात, फरीदसाहेब सतारमेकरांपासून चालत आलेल्या कारागिरांच्या गल्लीत, तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावणारा माणूस कानस फिरवतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा फिरवतो. पृष्ठभागाचा उतार केसभर इकडे-तिकडे झाला की तार बोलायची थांबते, आणि हा केसभर म्हणजे किती, ते त्याच्या कानाला विचारावे लागते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाच्या कायद्याप्रमाणे कच्चा माल, बनवण्याची रीत, गावाशी असलेला संबंध हे सारे लेखी मांडावे लागते. दीडशे वर्षे जे लिहिण्याची गरज भासली नाही ते नकली मालाच्या भयाने लिहावे लागले, यात थोडा विनोद आहे.

लेखी व्यवस्थेचा उलट टोकाचा नमुनाही मिरजेतच आहे, तो रेल्वे स्थानकावर. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुळांचा मेळ काही दशके सांभाळलेल्या या जंक्शनात माणसाच्या स्मरणावर विसंबणे परवडणारे नव्हते. रेल्वेत गाड्या चालवण्याचे सर्वसाधारण नियम देशभर एक, त्यांना जोडून प्रत्येक विभागीय रेल्वेचे पूरक नियम, आणि त्यांच्याखाली त्या त्या स्थानकाचे स्टेशन वर्किंग रूल्स, ज्यांत तिथले रूळ, तिथले सिग्नल, तिथली चढण यांचा हिशेब असतो. नवा स्टेशन मास्तर हे नियम वाचून समजल्याची सही अ‍ॅश्युरन्स रजिस्टरमध्ये केल्याशिवाय स्वतंत्रपणे काम हाती घेत नाही. खालच्या पायरीचा नियम वरच्या नियमात भर घालू शकतो, त्याला छेद देऊ शकत नाही. अपघातांच्या चौकश्यांतून, म्हणजे माणसांच्या जिवाची किंमत मोजून, ही शिस्त आलेली आहे.

संगणकाच्या जगाने आरंभी हा धडा चांगला गिरवला होता. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ३ नोव्हेंबर १९७१ रोजी युनिक्सचे पहिले मॅन्युअल काढले, तेव्हा आज्ञेचे नाव, तिची मांडणी आणि वर्णन यांच्याबरोबर 'बग्ज' हा स्वतंत्र मथळा होता. आपल्या कृतीतले दोष तिच्याच ग्रंथात लिहून ठेवणारी ही नम्रता दरबारी कागदांत शोधून सापडणार नाही. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनने तोच दंडक पुढे चालवला: प्रत्येक प्रोग्रॅमला मॅन्युअलचे पान असावे, नसेल तर तो दोष मानून नोंदवावा. १९९९च्या मार्चमध्ये डेबियन २.१बरोबर एपीटी आला तो याच वळणाने. आणि तरीही जुनी सवय मागच्या दाराने आत आलीच. एखाद्या पॅकेजबरोबर त्याने शिफारस केलेली इतर पॅकेजे आपोआप घ्यायची का, हे ठरवणारी 'इन्स्टॉल-रेकमेंड्स' ही सेटिंग घ्या. २००९च्या डेबियन लेनी या आवृत्तीपासून तिचे गृहीत 'नाही'वरून 'हो'वर गेले. ज्यांनी आपल्या फाइलीत 'नाही' असे आधीच लिहून ठेवले होते त्यांचे काही बदलले नाही. ज्यांनी काहीच लिहिले नव्हते त्यांची फाइल जशीच्या तशी राहिली आणि यंत्र मात्र वेगळे वागू लागले. बदल जाहीर झाला होता, कागदोपत्री होता. पण कोऱ्या फाइलीला आपण काय गमावले हे कळत नाही. इनाम कमिशनपुढे रित्या हाताने उभ्या राहिलेल्या वतनदाराला ही स्थिती ओळखीची वाटली असती.

ऐकीव माहितीवर चालणाऱ्याची गत आणखी बिकट. एपीटीच्या 'एपीटी-गेट' या आज्ञेला जोडलेला 'वाय' हा पर्याय म्हणजे तिच्या नेहमीच्या प्रश्नांना आगाऊ होकार. आर्च लिनक्सवर हेच काम करणाऱ्या पॅकमनमध्ये 'एस'ला जोडलेला तोच 'वाय' पॅकेजांची यादी ताजी करतो, आणि यादी ताजी करून सारी यंत्रणा अद्ययावत न करता एखादेच पॅकेज बसवले तर अर्धवट नूतनीकरण होऊन यंत्र मोडू शकते. एकच अक्षर दोन दरबारांत दोन अर्थांनी चालते, आणि मॅन्युअल न उघडता एकीकडची ओळ दुसरीकडे उतरवणाऱ्याला ते कोणी सांगत नाही. 'एपीटी-की' या आज्ञेचे उदाहरण तर ताजे आहे. तिने घातलेली, पॅकेजांची सही तपासणारी किल्ली पॅकेजांच्या सर्वच भांडारांसाठी विश्वासार्ह ठरत असे, हा धोका ओळखून ती मोडीत काढली गेली. मॅन्युअलने ते स्पष्ट लिहिले, पर्यायी मार्गही दिला. तरी जुन्या टिपणांतून ती वर्षानुवर्षे उतरवली जात राहिली. नियम उतरवला गेला आणि कारण मागे राहिले.

मराठीकडे परत येताना एक तांत्रिक बाब ध्यानात घ्यावी लागते. भाषांतराच्या यंत्रणेत मूळ संदेश बदलला आणि मराठी प्रतिशब्द कोणी सुधारला नाही, तर यंत्र मुकाट्याने इंग्रजी दाखवते. एकदा केलेले भाषांतर म्हणूनच दरवर्षी थोडे थोडे विरत जाते, आणि सरकारी प्रकल्प संपला की त्याची निगा कोणाच्याच कामाच्या यादीत उरत नाही. मॅन्युअलच्या भाषांतराला हात घालायचा तर आधी हे ठरवावे लागेल, की इंग्रजी मजकूर बदलेल त्या दिवशी मराठी मजकूर बदलण्याची जबाबदारी कोणाची. त्यासाठी संस्था हवी, नुसता उत्साह पुरणार नाही. फ्रेंच आणि जर्मन भाषकांनी ही जबाबदारी स्वयंसेवकांच्या कायम गटांवर टाकली आहे. मराठी विद्यापीठांच्या संगणक विभागांना ती पेलणार नाही असे मानायला आधार नाही, आणि दर वर्षी पदवीच्या प्रकल्पांसाठी विषय शोधत फिरणाऱ्या विभागांना तर ती सोयीचीच आहे.

तोवर एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा सहकारी संस्थेच्या सर्व्हरच्या खोलीत जे करता येईल ते लहान आहे. एपीटीच्या सेटिंग अनेक फाइलींत विखुरलेल्या असतात आणि त्या ठरलेल्या क्रमाने वाचल्या जातात. नंतरची फाइल आधीच्या फाइलीला झाकते आणि आज्ञेबरोबर दिलेला पर्याय सर्वांवर मात करतो. रेल्वेच्या पायऱ्यांच्या हे बरोबर उलट आहे. 'एपीटी-कॉन्फिग डम्प' ही आज्ञा दिली की त्या क्षणी लागू असलेल्या सेटिंगची यादी पडद्यावर येते, पण कोणती ओळ कोणत्या फाइलीतून आली आणि ती कोणी का घातली, हे त्या यादीत नसते. ते फाइलीतच लिहावे लागते. दोन तिरक्या रेघांपुढचा मजकूर एपीटी वाचत नाही, त्यामुळे तो मराठीत लिहिला तरी त्याचे काही अडत नाही: ओळ घातल्याची तारीख, घालण्याचे कारण, त्या दिवशीचे गृहीत काय होते, आणि ती कधी काढून टाकावी.