संत्र्याच्या सुगंधाची न्याहारी

“तोंडाला चवच नाही.” ज्या घरात वयोवृद्ध माणूस आहे, त्या घरात सकाळी हे वाक्य कधी ना कधी ऐकू येते. आपण ते बहुधा हट्ट म्हणून ऐकतो. माझ्या आईच्या बाबतीत मीही तेच केले. ८१व्या वर्षी तिची न्याहारी चहा आणि दोन बिस्किटांवर आली होती. पोहे घशात अडकतात, उपमा कोरडा लागतो, भाकरी चावत नाही, अशी तिची रोजची तक्रार असे आणि मी तिच्यावर रागवत असे. एका सकाळी मी स्वयंपाकघरात संत्रे सोलत असताना आतल्या खोलीतून तिने विचारले, “संत्री आली का गं बाजारात?” खाण्याच्या एखाद्या वस्तूची तिने स्वतःहून चौकशी केल्याला कित्येक दिवस लोटले होते.

ज्याला आपण चव म्हणतो, तिचा मोठा भाग गंधाचा असतो. वयाबरोबर गंधाची जाण मंदावते. त्यात कवळी, कोरडे पडणारे तोंड आणि औषधे यांची भर पडते. उदाहरणार्थ, मधुमेहावरील मेटफॉर्मिन घेणाऱ्या काहींना तोंडात धातूसारखी चव जाणवते. मग जेवण रुचकर व्हावे म्हणून मीठ आणि साखर वाढत जाते. संत्रे, मोसंबी आणि लिंबू यांच्या सालीच्या रंगीत थरात सुगंधी तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. चिमूटभर किसानेही पदार्थ दरवळतो आणि साखरेची उणीव भासत नाही. म्हणून या वेळी फळांच्या मऊ धिरड्यांची कृती आपल्यासमोर ठेवते. नातवंडे यांनाच पॅनकेक म्हणतील, म्हणू द्यावे.

साहित्य (दोघांसाठी, सहा लहान धिरडी)

अर्धी वाटी कणीक, पाव वाटी नाचणीचे पीठ, दोन मोठे चमचे मूगडाळीचे पीठ, एक पिकलेले केळे, एक अंडे (अंडे वर्ज्य असल्यास पाव वाटी दही), अर्धी ते पाऊण वाटी दूध, एका मोसंबीची किंवा संत्र्याची किसलेली साल एक लहान चमचा, चिमूटभर मीठ, दोन लहान चमचे साजूक तूप. सोबत एका संत्र्याच्या सोललेल्या फोडी आणि चार चमचे घट्ट दही.

कृती

फळ कोमट पाण्यात चोळून धुवावे, पुसावे आणि सोलण्यापूर्वीच बारीक किसणीवर अलगद फिरवावे. केवळ रंगीत थर घ्यावा. त्याखालचा पांढरा थर कडू असतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने किसताना चिरडते. घट्ट सालीची मोसंबी या कामाला सोयीची; कागदी लिंबूही चालते.

केळे गाठी न राहतील असे कुस्करावे. त्यात अंडे किंवा दही फेटावे, पिठे, मीठ आणि साल मिसळावी, मग थोडे थोडे दूध घालत डोशाच्या पिठाइतके सैल करावे. रस मात्र या मिश्रणात घालू नये, दूध फाटते. भांडे झाकून वीस मिनिटे ठेवावे, म्हणजे नाचणी फुगते आणि धिरडे मऊ होते. तव्यावर थेंबभर तूप पसरून तळहाताएवढी धिरडी घालावीत आणि मंद आचेवर झाकण ठेवून शिजवावीत. कडा सुटल्या की उलटावीत. खाण्याचा सोडा घालण्याची गरज नाही. ज्यांना मीठ कमी करण्यास सांगितले आहे त्यांनी तो टाळलेलाच बरा.

फोडी वरून कच्च्याच द्याव्यात. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते आणि नाचणी व कणकेतील लोह शरीरात शोषले जाण्यास तेच साहाय्य करते. चहाने नेमके उलट होते, म्हणून चहा तासाभराने घ्यावा. दूध, दही, अंडे आणि मूगडाळ यांमुळे प्रथिनेही मिळतात. उतारवयात स्नायू टिकवण्यासाठी त्यांची निकड असते आणि चहा-बिस्किटांत ती नगण्य असतात.

कोणी काय सांभाळावे

मधुमेह असल्यास अर्धेच केळे घ्यावे, मध किंवा गूळ घालू नये आणि हे फळ दिवसाच्या फळांच्या वाट्यात मोजावे. मूत्रपिंडाचा विकार असून पोटॅशियम कमी ठेवण्यास सांगितले असल्यास केळे आणि संत्र्याच्या फोडी दोन्ही वगळाव्यात. सफरचंद वाफवून, कुस्करून वापरावे आणि बाकीच्या प्रमाणाबद्दल आहारतज्ज्ञांना विचारावे.

संत्र्याऐवजी पपनस किंवा ग्रेपफ्रूट घेण्याचा मोह आवरावा. ही फळे काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवतात. कोलेस्टेरॉलसाठी अॅटोर्वास्टॅटिन किंवा सिम्वास्टॅटिन, रक्तदाबासाठी निफेडिपिन घेणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नयेत. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळीनंतर अर्धा ते एक तास थांबून न्याहारी करावी.

गिळताना ठसका लागत असेल तर फोडी देऊ नयेत. चावताना त्यांतून एकदम रस सुटतो आणि घन घासाबरोबर पातळ रस सांभाळणे अशा व्यक्तीला अवघड जाते. धिरड्याचे लहान तुकडे घट्ट दह्यात भिजवून द्यावेत, ताठ बसवून भरवावे आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. ठसका वारंवार लागत असल्यास मात्र काहीही भरवण्यापूर्वी डॉक्टरांकडून गिळण्याची तपासणी करून घ्यावी. इतरांनाही फोडी बिया व पापुद्रा काढूनच द्याव्यात.

आणि एक विनंती. महिन्यातून एकदा वजन करून वहीत नोंद ठेवावी. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन शेकडा पाचने घटले, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलो उतरले, तर पाककृती शोधत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. ‘चव नाही’ यामागे दातांचे दुखणे, एखादे औषध, नैराश्य किंवा दुसरा आजार असू शकतो. माझ्या आईच्या बाबतीत ती नोंद ठेवायला मी फार उशिरा लागले. कवळी सैल झाली होती. हिरडीला जखम होती. ती चावण्याची तक्रार रोज करीत होती, मी ऐकत नव्हते.

कवळी नीट बसली, जखम भरली. आता संत्री सोलण्याचे काम तिचेच आहे. धिरडी तव्यावर असताना ती ओट्याशेजारी खुर्ची घेऊन बसते आणि साल सुटली की आधी बोटे नाकाशी नेते. आपल्या घरीही हे काम ज्येष्ठांकडेच सोपवून पाहावे.