'एक्स्ट्रा' या शब्दाने केलेला घोटाळा

परवा ऑफिसात पुन्हा तोच वाद. आमचं पायथनचं खाजगी पॅकेज, ज्यात बिलिंगचा सगळा हिशोब आहे, ते ऑफिसच्याच सर्व्हरवर असतं. पिपला ते सापडावं म्हणून प्रत्येकाच्या मशीनवर 'एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल'ची एक ओळ. मी म्हटलं, ही ओळ काढा. सर म्हणाले, "चार वर्षं चाललंय की! कोल्हापुरातली पंधरा जणांची कंपनी आपली. आपल्याला कोण विचारतंय?"

इथंच माझं डोकं फिरतं.

'एक्स्ट्रा' म्हणजे आधी घरी बघायचं आणि नसेल तर बाहेर, असं सगळे धरून चालतात. तसं मुळीच नाही! पिप दोन्हीकडे बघतं आणि ज्याचा आवृत्ती क्रमांक मोठा, ते उचलतं. घरच्या गुळाच्या ढेपेवर १ लिहिलंय आणि शाहूपुरीत कुणी त्याच नावाच्या ढेपेवर ९९ लिहून ठेवलं, तर पोरगं बाजारातली ढेप घेऊन येणार. वर ती ढेप घरात ठेवतानाच फुटू शकते, कारण नुसतं इन्स्टॉल करतानाही पॅकेजमधला कोड चालू शकतो.

ही माझी कल्पना नव्हे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अ‍ॅलेक्स बिरसान या संशोधकाने हेच करून दाखवलं. अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, पेपॅल धरून ३५ हून जास्त कंपन्यांत त्याचा कोड चालला. तो सज्जन होता, त्याने कळवलं. पुढचा कळवेलच असं नाही.

"पण आपल्या पॅकेजचं नाव बाहेर कुणाला माहीत?" अहो, त्या ओळीमुळे प्रत्येक इन्स्टॉलला आपणच ते नाव सार्वजनिक पायपीआयला विचारतो!

उपाय फुकट आहे. जुन्या डेस्कटॉपवर डेव्हपी टाका आणि पिपला तो एकच पत्ता द्या. खाजगी पॅकेज तिथेच, बाकीची तोच बाहेरून आणून साठवतो. खाजगी नावाचं पॅकेज असेल, तर मुळात तो बाहेरचं त्यात मिसळतच नाही. नेट गेलं तरी आधी आणलेली पॅकेजेस मिळतात. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या गावाला हे वेगळं सांगायला नको.

त्याचा बॅकअप, अपडेट कुणीतरी बघावं लागेल, कबूल. महिन्याला एखादा तास. तो मी देतो, शनिवारचा.

असो. सोमवारी पुन्हा भांडणार आहे.