पाचव्या क्रमांकाची वाइन

साहित्याच्या वर्गात 'आस्वाद' हा शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो, की त्याचे जिभेशी असलेले मूळ नाते विसरूनच जातो. संस्कृत साहित्यशास्त्राला मात्र त्याचा विसर पडला नव्हता. अभिनवगुप्ताने रसाची उकल करताना पानकाचा, म्हणजे अनेक पदार्थ मिसळून केलेल्या पेयाचा, दृष्टान्त दिला आणि रसानुभवाला 'चर्वणा' म्हटले. तेव्हा पेयाच्या परीक्षेतून समीक्षेविषयी काही शिकता आले, तर संकोच वाटण्याचे कारण नाही. दीर्घकाळ मुरणाऱ्या रेड वाइनची परीक्षा तर समीक्षकाने मुद्दाम समजून घ्यावी. कारण तेथे परीक्षकाला आजच्या चवीबरोबर उद्याच्या चवीविषयीही बोलावे लागते.

कॅबर्ने सोव्हिन्यॉं या जाड सालीच्या द्राक्षापासून केलेली कोवळी वाइन पहिल्या घोटाला फारशी लोभस वाटत नाही. साली, बिया आणि ओकच्या लाकडाची पिंपे यांतून उतरलेली टॅनिन ही द्रव्ये लाळेतील प्रथिनांशी बांधली जातात आणि अर्धेकच्चे जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आकसते. नवख्याला हा दोष वाटतो. जाणकार मात्र त्या तुरटपणामागे फळाचा गाभा आहे का, आम्लता पुरेशी आहे का, घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, हे पाहतो. वर्षे लोटतात तशी टॅनिन एकमेकांशी जुळत जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. जांभळट रंग विटकरी होतो. ताज्या फळाच्या वासाच्या जागी तंबाखू, चामडे, ओली माती यांची आठवण देणारे गंध येतात. अर्थात मुळात समतोल असेल तरच. नुसत्या तुरट वाइनमधले फळ आधी विरते आणि तुरटपणा तेवढा मागे उरतो.

हा अंदाज किती अवघड असतो, हे एका प्रसंगावरून दिसते. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाइन-विक्रेत्याने बाटल्यांची नावे झाकून चाखणी घडवली. नऊ फ्रेंच परीक्षकांनी वीसपैकी गुण दिले. दहा रेड वाइनपैकी चार बोर्दोच्या, सहा कॅलिफोर्नियाच्या. पहिली आली कॅलिफोर्नियाची 'स्टॅग्ज लीप' १९७३. बोर्दोची 'शातो मूटॉं रोथशील्ड' १९७० दुसरी. तेव्हा एक युक्तिवाद पुढे आला : बोर्दोची वाइन मुरायला वेळ लागतो, काळ जाऊ द्या. युक्तिवाद तत्त्वतः योग्यच होता. बरोबर तीस वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, लंडन आणि कॅलिफोर्नियातील नापा येथे त्याच वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला मिळाले. सर्वांत वर होती 'रिज माँटे बेलो' १९७१. पॅरिसमध्ये ती पाचवी आली होती.

या गोष्टीत एका देशाचा विजय आणि दुसऱ्याचा पराभव एवढेच पाहणे वरवरचे होईल. मला तो पाचवा क्रमांक महत्त्वाचा वाटतो. परीक्षकमंडळ तेच नव्हते, हे खरे. तरीही गुण देणारे तज्ज्ञ आणि काळाची ग्वाही देणारे, दोघेही त्या बाटलीतले भविष्य ओळखू शकले नाहीत.

मराठीत कादंबरी येऊन महिना लोटत नाही तोच तिला 'कालजयी' ठरवले जाते. उलट १९४७ मध्ये आलेल्या मर्ढेकरांच्या 'काही कविता'वर दुर्बोधतेचा आणि अश्लीलतेचा ठपका बसला होता. आज त्यांच्याविना नवकवितेचा अभ्यास सुरूच होत नाही. मात्र यावरून दुर्बोध ते सारे थोर, असा निष्कर्ष काढणे म्हणजे तुरटपणालाच फळ समजणे होय.

मग निकाल काळावर सोपवून गप्प बसावे काय? माझ्या मते ती पळवाट आहे. समीक्षकाने आज मत द्यावेच. पण क्रमांक लावण्याऐवजी कृतीत कोणता गाभा आहे, कोणता ताण आहे, त्यांचा तोल कसा साधला आहे, हे नोंदवावे. तीस वर्षांनी कोणी बाटली पुन्हा उघडली, तर आपली कारणे त्याला पडताळून पाहता आली पाहिजेत.