मेजर, आता वही उघडा

वडीगोद्री आणि आसपासच्या गावांतल्या माजी सैनिकांनो,

फौजेतून पेन्शन घेऊन आलेला जवान आपल्याकडे पस्तिशी-चाळिशीचा असतो. शिपाई म्हणून आला काय किंवा हवालदार म्हणून, गाव त्याला मेजरच म्हणतं. १५ ऑगस्टला शाळेत शाल-नारळ मिळतो. मग काही महिन्यांत तो एखाद्या बँकेच्या दारात नाहीतर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला उभा राहतो. त्या नोकरीत कमीपणा काहीच नाही, घर चालवावंच लागतं. पण तुमच्याजवळ जे आहे ते गेटवर कुणी मागत नाही. ते गावाला हवं आहे. म्हणून हे आवाहन: लिहा आणि शिकवा.

“आम्हाला कुठं लिहिता येतं?” असं तुम्ही म्हणाल. गोपाळ बाबा वलंगकरांचं उदाहरण घ्या. महाडजवळच्या रावढळचा हा माणूस पलटणीत नोकरी करून १८८६ साली निवृत्त झाला आणि दापोलीत राहिला. पेन्शन खात ओसरीवर बसला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण वलंगकरांनी ‘दीनबंधू’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतून लिहायला घेतलं. १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढून अस्पृश्यता पाळणाऱ्यांना थेट प्रश्न विचारले. इंग्रज सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली, तेव्हा तिच्याविरुद्धचा अर्जही त्यांनीच लिहिला. त्यांच्यामागे कुठलं कॉलेज नव्हतं. पाहिलेलं, सोसलेलं होतं आणि ते कागदावर उतरवायची हिंमत होती.

सुभेदार रामजी सकपाळ तर लष्करी शाळेत मुख्याध्यापकच होते. निवृत्तीनंतर तेही दापोलीला आले, पुढे साताऱ्याला आणि मग मुंबईला गेले. परळच्या चाळीतल्या एका खोलीत हा बाप रात्री दोनपर्यंत जागा राहायचा, मग पोराला अभ्यासाला उठवायचा आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवा व्हायचा. तो पोरगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शिकवणं म्हणजे फळ्यापुढे उभं राहणंच नव्हे, हे यावरून कळतं.

नारायण सुर्वे फौजी नव्हते, पण कष्टकऱ्याच्या पोराने लेखक आणि शिक्षक कसं व्हावं हे त्यांच्याकडून शिकावं. रस्त्यावर सापडलेलं हे पोर गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने वाढवलं. नारायण स्वतःही गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, परीक्षा देऊन पुढे शिक्षक झाले. १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला संग्रह आला. १९९५ साली आपल्या शेजारच्या परभणीत भरलेल्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी हेच सुर्वे होते.

आता कामाचं बोलू. दोनशे पानी वही आणा आणि रोज एक पान लिहा. घरात बोलता त्याच भाषेत लिहा. पुस्तकी मराठीची वाट पाहू नका. सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल तर फौजेतल्या काळ्या ट्रंकेपासून करा. तिच्यावर पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर घातला, तो दिवस लिहा. थंडीत बुखारीच्या शेगडीभोवती बसून ऐकलेले दुसऱ्या प्रांतांतल्या जवानांचे किस्से लिहा. घरातलं माणूस गेल्याचा निरोप आला, रजा मंजूर झाली आणि गाड्या बदलत गावी पोचेपर्यंत दहावा उरकला होता, असं झालं असेल तर तेही लिहा. ठाण्यांची माहिती, तुकडीच्या हालचाली, हत्यारांचा तपशील मात्र लिहू नका. ते सोडूनही सांगण्यासारखं भरपूर उरतं. आणि तुमच्या मागे शेती, सासू-सासरे, लेकरं जिने सांभाळली, तिलाही लिहायला सांगा. तुमची अर्धी नोकरी तिने केली आहे.

लिहिलेलं आधी घरात मोठ्याने वाचा. जिथे ऐकणारा चुळबुळ करतो तिथे कात्री लावा. मग बाहेर पाठवा. दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच मागवलं जातं, ते ध्यानात ठेवा. मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’ हे नियतकालिक आहे, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आहेत. परत आलं तर पुन्हा लिहा. भरतीतही पहिल्या खेपेला सगळे पास होत नाहीत.

शिकायचं राहिलं असेल तर अजून वेळ गेलेली नाही. दहावी-बारावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून शेती-नोकरी सांभाळून पदवी घेता येते. १९८९ सालापासून ते सुरू आहे. पंधरा वर्षांच्या सेवेवर फौजेकडून मिळणारं पदवीचं प्रमाणपत्र काही सरकारी जागांना चालतं, पण त्यावर बी.एड.ला प्रवेश मिळेल असं धरून चालू नका. पगारी शिक्षक व्हायचं तर डी.एल.एड. किंवा बी.एड. हवं आणि वर टीईटी. चौकशी जालन्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून सुरू करा.

पण शिकवायला सनदेची वाट पाहायचं कारण नाही. आपली पोरं पहाटे हायवेच्या कडेने पळतात, दम काढतात. २०२३ पासून अग्निवीर भरतीत आधी ऑनलाइन पेपर होतो, मैदान नंतर. पळण्यात तयार असलेलं पोरगं पेपरातच बाद झालं तर मैदानापर्यंत पोचतच नाही. त्याला गणित, इंग्रजी आणि उतारा नीट वाचणं कोण शिकवणार? आणि जो निवडला जाईल त्यालाही खरं सांगा: चार वर्षांनंतर फार तर चौथा हिस्सा कायम होतो. बाकीचे बाविशी-पंचविशीत परत येतील. पुढे कसं शिकायचं, हे त्या वाटेने गेलेल्या माणसाने सांगितलं तर त्यांना पटेल.

म्हणून येत्या रविवारी गावातले दोघं-तिघं माजी सैनिक एकत्र बसा. जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून संध्याकाळी एक तास वर्गखोली मागा. आठवड्यातले तीन दिवस पोरांचा अभ्यास घ्या, चौथ्या दिवशी तुमची वही त्यांना वाचून दाखवा. देशाची नोकरी तुम्ही चोख केली. आता गावाला तुमच्याकडून एवढं हवं आहे, आणि ते तुमच्यावाचून दुसरं कुणी देऊ शकत नाही.