हाफ इंजिन

तर, एकदाची चेतक सुरू झाली. बाबांनी १९८९ साली घेतलेली, गेली सहा वर्षं पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. एकूण खर्च साडेतेरा हजार, त्यातले साडेचार हजार निव्वळ मूर्खपणाचे. आजचं पुराण त्या साडेचार हजारांचं.

जुनी स्कूटर नेली की मेकॅनिक पहिल्यांदा विचारतो, "हाफ इंजिन की फुल?" हाफ म्हणजे वरवरचं काम, सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा. फुल म्हणजे केसिंग उघडून क्रँक, बेअरिंग, ऑइल सील सगळं. हाफचे साडेचार, फुलचे नऊ. आपण बजेटवाले, हाफ म्हणालो. युजरला दिसतं तेवढंच दुरुस्त करून रिलीज मारायची सवय, दुसरं काय!

तीन आठवडे गाडी मस्त पळाली. मग एका रविवारी बाबांना मागे बसवून जुन्या कात्रज घाटात नेली. चढावर आवाज एकदम कोरडा झाला आणि मागचं चाक जाम. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून पडलो नाही. मागून एसटी येत होती. बाबा काहीच बोलले नाहीत. रस्त्याकडेच्या दगडावर बसून त्यांनी फक्त चष्मा पुसला.

झालं असं, की टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि पिस्टन खाली येताना दाबून वर ढकललं जातं. म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांची सील हवाबंद लागतात. मॅग्नेटोच्या बाजूचं सील कडक झालं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. वंगणही पेट्रोलमधूनच येणार, त्यामुळे पिस्टन तापतो आणि चिकटतो. (क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल जळतं, मागे निळा धूर.) सहा वर्षं उभ्या गाडीचं रबर कडक होणारच. मी मात्र वरचा पिस्टन तेवढा नवा टाकला.

म्हणून माझं मत, पैसे कमी असतील तर इंजिन फुलच करा आणि कात्री बाकी सगळ्याला लावा. रंग नको, क्रोम नको, सीट फाटकी राहू दे. नाना पेठेत पिस्टन आणायला जाण्याआधी बोअर मोजून घ्या. मूळ बोअर ५७ मिमी, ओव्हरसाइज पाव-पाव मिलिमीटरने चढतात, आणि चढलेली पायरी परत मिळत नाही. माझी एक त्या घाटात गेली. आणि हो, १५ वर्षांवरच्या गाडीची नोंदणी फिटनेस तपासणी करून ५ वर्षांसाठी वाढवावी लागते. स्पॅनर उचलण्याआधी ते कागद बघा.

"त्यापेक्षा इलेक्ट्रिक चेतक घे ना," असं ऑफिसात तिघांनी सांगितलं. साडेतेरा हजारात देणार असतील तर घेतो! पण रोज जायला-यायला तीच बरी, हे मान्य. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जातो. मागच्या माणसाच्या नाकाचं काय? त्यामुळे आपलं रविवारी तासभर, बस.

सध्या रनिंग-इन चालू आहे, पहिले ५०० किलोमीटर चाळीसच्या आत. बाबा मागे बसायला अजून तयार नाहीत. काल मात्र न सांगता खाली गेले, गाडी तिरकी केली, सरळ केली आणि दुसऱ्या किकला चालू केली. वर आल्यावर म्हणाले, "चोक उघडाच ठेवतोस तू."