'धग' मोठ्याने वाचा

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. दारं लावून घ्यावीत, कूलर सुरू करावा आणि वाचत पडावं. या महिन्यात तीन कादंबऱ्या झाल्या, तिन्ही आपल्या विदर्भातल्या लेखकांच्या. विश्राम बेडेकर मूळचे अमरावतीचे. त्यांच्या १९३९ सालच्या 'रणांगण'मधला बोटीवरचा चक्रधर आणि ज्यू निर्वासित हेर्टा आजही जुने वाटत नाहीत. पण या महिन्यात मला धरून ठेवलं ते उद्धव शेळके यांच्या 'धग'ने.

१९६० सालची ही कादंबरी. शिंप्याच्या घरातली कौतिक, नवऱ्याला जडलेला महारोग आणि पोरं जगवण्यासाठी तिने उपसलेले कष्ट, एवढंच कथानक. शेळके कुठे तिची कीव करत नाहीत आणि तिला देवीही करत नाहीत. ती चिडते, टोचून बोलते आणि पुन्हा कामाला लागते. तिचं सगळं बोलणं वऱ्हाडीत आहे. भूक, अपमान, पोरांची काळजी, सगळं त्याच बोलीत.

हे मला फार मोलाचं वाटतं. आपण वऱ्हाडीला हशा पिकवण्याच्या कामाला जुंपलं आहे. रंगमंचावर कुणी वऱ्हाडी बोललं की विनोद येणार, असं गृहीत धरून प्रेक्षक आधीच हसायला लागतात. नागपुरातल्या आमच्या धंतोलीत तर ही बोली रोज कानावर पडते, कारण ही वस्ती आता दवाखान्यांची झाली आहे आणि वऱ्हाडातले रुग्ण इथे येतात. परवा एका दवाखान्याबाहेर एक बाई मोबाइलवर घरी सांगत होती, "ढोरायले पानी पाजजो, अन् पोराले शाळंत धाडजो." आत तिचं कुणीतरी भरती होतं, त्याबद्दल एक अवाक्षर नाही. आठवडाभर 'धग' वाचत होतो म्हणून असेल, पण तिच्या त्या न बोलण्यातलं सगळं मला ऐकू आलं.

तिसरी सदानंद देशमुखांची 'बारोमास'. शिकूनही नोकरी नसलेला एकनाथ शेतीत अडकतो आणि त्याचा संसार उसवत जातो. कादंबरी २००२ची, विदर्भातल्या सहा जिल्ह्यांमधल्या शेतकऱ्यांसाठी केंद्राचं ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं २००६ मध्ये. पॅकेजात बायकोशी तुटलेलं बोलणं कुठे बसणार? ते कादंबरीतच वाचावं लागतं. ग्रामीण विकासावर बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी ही वाचावी, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

'धग'बद्दल मात्र वेगळी विनंती आहे. घरात वऱ्हाडी बोलणारे आजी-आजोबा असतील तर नातवंडांना त्यांच्याजवळ बसवा आणि नातवंडांकडूनच कौतिकचे संवाद मोठ्याने वाचून घ्या. इंग्रजी शाळेतल्या पोरांना काही शब्द अडतील. अडू द्या, आजी आहेच सांगायला.